पाड्यावरचे पाच दिवस: शाळेचा सेवासहवास कसा आखावा

नाशिकमधल्या कॅथलिक शाळा-कॉलेजांना मुलांना घेऊन पाड्यावर राहायला जायचं असेल, तर भाऊबीज झाल्यावरचे लगेचचे पाच दिवस धरावेत. पाऊस थांबलेला असतो, ओढे मात्र अजून वाहत असतात. भात-नागलीची कापणी, झोडणी चालू असल्यानं माणसं गावात भेटतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातली पुष्कळ कुटुंबं पुढे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामावर जातात. नाताळच्या सुट्टीत गेलात तर बरीच घरं कुलूपबंद दिसतील आणि ओढाही आटत आलेला असेल.

नववी आणि अकरावीची मुलं न्या. दहावी-बारावीच्या पालकांचा जीव बोर्डाच्या परीक्षेत असतो, आणि त्यांचं चूक नाही. संख्या २४ मुलं-मुली आणि ४ मोठी माणसं, त्यांत किमान २ स्त्रिया. तीसच्या वर गेलं की शिबिराची सहल होते आणि एवढ्या पाहुण्यांचा भार छोट्या पाड्याला पेलत नाही.

दोन महिने आधी दोघांनीच गावात जावं. त्या भागात काम करणारे फादर किंवा सिस्टर ओळख करून देतील, पण होकार गावाचा हवा. पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथं १९९६च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्यानं ग्रामसभेला मोठे अधिकार दिले आहेत, म्हणून विषय ग्रामसभेत मांडून घ्या. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि पोलीस पाटील यांना लेखी पत्र द्या: कोण येणार, किती दिवस, कुठं राहणार, काय काम करणार. त्याच पत्रात स्पष्ट लिहा की गावात प्रार्थनासभा, धर्मशिक्षण किंवा वस्तूंचं वाटप होणार नाही. हे शब्द पाळायचेही असतात. मुलांची प्रार्थना, मिस्सा (फादरांनी चालवायची मुख्य उपासना) आणि चिंतन मुक्कामाच्या जागेतच व्हावं; गावच्या चौकात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नको. कपडे, वह्या, खाऊ, क्रूस, जपमाळा, काहीच वाटू नका. सेवेच्या बदल्यात कुणाकडून काही अपेक्षा आहे अशी शंकासुद्धा आली, तर ती सेवा उरत नाही.

आपल्या शाळांत इतर धर्मांची मुलंही असतात. त्यांना यायचं असेल तर पालकांच्या संमतिपत्रात प्रार्थनेला बसणं ऐच्छिक असल्याची वेगळी ओळ घाला. त्या वेळात त्यांच्याजवळ एक शिक्षक ठेवा.

काम कोणतं ते गावाला विचारा. शाळेची भिंत रंगवणं लवकर उरकतं, पण बहुतेक वेळा ती गावाची गरज नसते. या पट्ट्यात धो धो पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. उतार तीव्र, खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर. त्यामुळे पाणी मुरत नाही. नार, पार, दमणगंगा यांच्यातून ते पश्चिमेला गुजरातकडे निघून जातं. म्हणून दिवाळीनंतर वनराई बंधारा, म्हणजे मातीनं भरलेली पोती रचून ओढ्यात घातलेला तात्पुरता बांध, हे काम चपखल बसतं. जागा गावातल्या जाणत्यांनी आणि सहायक कृषी अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे कृषी सहायक) ठरवावी: ओढा अरुंद, काठ उंच आणि टणक, वरच्या अंगाला उतार कमी.

हिशोब असा. ५ मीटर लांब, ८० सेंटीमीटर उंच, तळाशी दीड मीटर आणि माथ्यावर ६० सेंटीमीटर रुंद बंधाऱ्याला साधारण सव्वाचार घनमीटर भराव लागतो. सिमेंटचं रिकामं पोतं पाऊण भरलं की त्यात सुमारे २५ लिटर माती बसते, म्हणजे घनमीटरला ४० पोती. एकूण १७० झाली. फाटकी निघतात म्हणून २०० न्या. पोती शहरातल्या बांधकामांवरून महिनाभर आधी गोळा करून झटकून ठेवा, सिमेंटची धूळ मुलांच्या डोळ्यांत जाते. शिवाय ८ फावडी, ४ कुदळी, १२ घमेली, ६ दाभणं आणि २ किलो सुतळी.

पोतं काठोकाठ भरू नका. गच्च भरलेलं पोतं गोल होतं, दोन पोत्यांत फट राहते आणि तिथूनच पाणी निसटतं. पाऊण भरलेलं पोतंही ४० किलोच्या आसपास जातं, तेव्हा ते एकट्या मुलानं उचलायचं नाही. माती बंधाऱ्याजवळच आणून भरावी आणि दोघा-तिघांनी पोतं सरकवावं. सहा-सहाचे चार गट करा: खणणारे, भरणारे, शिवणारे, रचणारे. तासाला अदलाबदल करा, नाहीतर मुलींच्या हाती दाभण आणि मुलांच्या हाती कुदळ अशी वाटणी आपोआप होऊन बसते. माती काठाची किंवा शेताच्या बांधाची काढू नये; शेतकरी दाखवेल तिथलीच घ्या.

बंधारा फसतो तो बहुधा तळाशी. पात्रातला पालापाचोळा, गाळ आणि सुटे दगड काढून टणक थर लागेपर्यंत साफ करा. या कामाला अख्खी सकाळ गेली तरी चालेल. कंटाळून इथं घाई केली तर सगळं पाणी पोत्यांखालून जातं. दोन्ही काठांत हातभर खाच खणून पोती आत घुसवा, नाहीतर पाणी कडेनं काठ कापत वाट काढतं. रचना विटांसारखी, सांध्यावर सांधा येऊ न देता. शिवलेलं तोंड भिंतीच्या आत. प्रत्येक थरावर चिकण माती पसरून पायांनी तुडवा. पाण्याच्या बाजूनंही चिकण मातीचा लेप द्या. मध्यभाग एका थरानं खाली ठेवा आणि तिथून पाणी पडेल त्या जागी मोठे दगड रचा.

दिवसाची आखणी सैल असावी. पहिल्या दिवशी काम नाही. गावकऱ्यांबरोबर ओढ्याच्या काठानं चालायचं. पुढचे तीन दिवस सकाळी साडेसात ते साडेअकरा श्रमदान, दुपारी सहा-सहाच्या गटानं मोठ्यांपैकी कुणाबरोबर तरी खळ्यावर. भात कसं झोडतात, नागलीची भाकरी कशी थापतात हे गाववाल्यांकडून शिकून घ्यायचं. स्वयंपाक गावातल्या बचतगटाला सांगा, ताटाचा दर आधी ठरवा आणि निघण्यापूर्वी पैसे चुकते करा. पाणी माणशी रोज ४ लिटर, म्हणजे २८ जणांना ११२ लिटर, उकळलेलं. जुलाब झालेच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, तेही चहाच्या चमच्यानं मोजून. साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. हालचाल थांबवून १०८ला फोन आणि थेट ग्रामीण रुग्णालय. मोबाइलला रेंज कुठं येते आणि रात्री कुणाची जीप मिळेल हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा. गावातल्या लहान मुलांचे फोटो काढायचे नाहीत, आणि आपल्या मुलांनी कुणाच्या घरी एकट्यानं जायचं नाही.

रात्रीचं चिंतन पाऊण तासाचं असतं आणि शिबिराचा खरा कस तिथं लागतो. पाच मिनिटं शांतता. मग संत इग्नेशियस यांच्या परीक्षण-प्रार्थनेच्या धर्तीवर तीनच प्रश्न: आज कशाबद्दल कृतज्ञ वाटलं, मन कुठं अडलं, उद्या काय वेगळं करीन. एकाच्या बोलण्यावर दुसऱ्यानं भाष्य करायचं नाही. ‘आपण किती नशीबवान’ हे वाक्य पहिल्या रात्री येतंच. मुलाला रागवू नका, पण तिथं थांबूही नका. इथला पाऊस कुठं जातो, द्राक्षं खुडायला कोण जातं, त्या घरातल्या मुलाच्या शाळेचं तेव्हा काय होतं, हे विचारा. दुसऱ्या दिवशी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातला न्यायाचा उतारा घ्या, चौथ्या दिवशी योहानच्या १३व्या अध्यायातलं, येशूनं शिष्यांचे पाय धुणं. त्यात पेत्र हा शिष्य पाय धुवून घ्यायला आधी नकार देतो. घरमालकीण कोरा चहा पुढे करते तेव्हा ‘नको, नको’ म्हणणाऱ्या मुलांना पेत्राची अडचण लगेच कळते.

पाचव्या दिवशी सकाळी गावकऱ्यांसोबत बंधाऱ्यावर जाऊन गळती कुठं आहे ते पाहा, लिंपा आणि देखभाल कोण करणार ते नावानिशी ठरवा. परतताना वाटेतल्या धर्मग्रामात, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, मिस्सा घ्या.

प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, चार-पाच मुलांना घेऊन पुन्हा जा. पाणी किती उरलं ते काठीनं मोजा, कुणी भाजी लावली का ते बघा. बंधारा आटला असेल तर का आटला ते गावकऱ्यांकडून समजून घ्या आणि वर्गात सांगा. मेअखेरीस शेवटची खेप असते. उन्हानं पोत्यांचं प्लास्टिक कुसकरायला लागतं आणि पहिल्या पुरात त्याच्या चिंध्या खालच्या शेतांत पसरतात. म्हणून पाऊस लागण्याआधी पोती रिकामी करा, माती पात्राबाहेर टाका, चिंध्या शहरात परत आणा. धड निघालेली पोती झटकून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधा आणि पुढच्या दिवाळीसाठी बचतगटाकडे ठेवा.