लॅपटॉपचा मुका माइक आणि माझा पहिला कर्नल पॅच

मी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या प्रोग्रॅमच्या, कामात आले ती एका माइकमुळे. २०२३ साली एएमडीचा रायझन ६००० मालिकेतला प्रोसेसर असलेला लॅपटॉप घेतला आणि त्यावर लिनक्स टाकलं. वायफाय, टचपॅड, पडद्याचा उजेड, सगळं पहिल्याच दिवशी चाललं. ऑनलाइन मीटिंगमध्ये मात्र माझा आवाज कुणालाच जाईना. इअरफोनचा माइक चालायचा. लॅपटॉपच्या आतला माइक साउंडच्या सेटिंगमध्ये दिसतच नव्हता.

ड्रायव्हरचं, म्हणजे यंत्राचा एकेक भाग चालवणाऱ्या कोडचं, काम शिकायचं असेल तर असंच काहीतरी निवडा. आपल्याच टेबलावरचं, रोज अडणारं. एकेक बदल पन्नास वेळा तपासावा लागतो, आणि यंत्र हाताशी नसेल तर नवख्याला ते झेपत नाही.

सी भाषा यायलाच हवी. स्ट्रक्चर, पॉइंटर, फंक्शन पॉइंटर एवढं पक्कं असलं की पुरे. पण सुरुवातीचे आठवडे कोड लिहिण्यात जात नाहीत, वाचण्यात जातात. मी कर्नलच्या संदेशांचा, म्हणजे ‘डीमेसेज’चा, लॉग ओळ न् ओळ वाचला. कोणत्या चिपला कोणता ड्रायव्हर लागलाय ते ‘एलएसपीसीआय’ या आदेशाने पाहिलं. एएमडीचा ऑडिओ कोप्रोसेसर, म्हणजे प्रोसेसरमधला आवाजाचं काम करणारा भाग, दिसत होता, त्याचा ड्रायव्हरही लागला होता, तरी माइकचं साउंड कार्ड काही तयार होत नव्हतं.

का, ते ड्रायव्हरची फाइल वाचल्यावर कळलं. या लॅपटॉपमध्ये डिजिटल माइक थेट प्रोसेसरमधल्या ऑडिओ भागाला जोडलेला असतो. यूएसबीचं उपकरण लावल्याबरोबर स्वतःची ओळख सांगतं, हा माइक सांगत नाही. तो आहे की नाही हे फर्मवेअरने, म्हणजे यंत्रात आधीच भरलेल्या प्रोग्रॅमने, एसीपीआयच्या (ऑपरेटिंग सिस्टिमला यंत्राची माहिती देणाऱ्या) तक्त्यांतून कळवायचं असतं. ज्या मॉडेलचं फर्मवेअर कळवत नाही, त्यांच्यासाठी ड्रायव्हरमध्येच एक यादी ठेवलेली आहे: कंपनी आणि मॉडेल जुळलं तर माइक आहे असं धर. माझं मॉडेल त्या यादीत नव्हतं. अशा नोंदीला ‘क्वर्क’ म्हणतात, आणि ती जेमतेम सात ओळींची असते. कर्नलमध्ये शिरायला यापेक्षा चांगलं दार मला माहीत नाही.

सात ओळी, आणि तरी दोन संध्याकाळी वाया गेल्या. मी खोक्यावर छापलेलं मॉडेलचं नाव नोंदीत लिहिलं. कोड बिनतक्रार कंपाइल झाला, म्हणजे त्याचा चालणारा कर्नल बनला, पण माइक मुकाच. ड्रायव्हर जुळवतो ती नावं फर्मवेअरमध्ये साठवलेली असतात आणि ती विक्रीच्या नावापेक्षा वेगळी असू शकतात. ‘सिस’खालच्या ‘क्लास’मधल्या ‘डीएमआय’ (यंत्राची ओळख) फोल्डरमध्ये ती वाचायला मिळतात. तिथून जशीच्या तशी उचला. आणखी एक: नेहमीची डीएमआय जुळणी नावाचा तुकडा सापडला तरी होकार देते. अर्धवट नाव लिहिलंत तर भलत्याच मॉडेललाही तुमचा बदल लागू होईल.

कंपाइलबद्दल थोडं. लिनक्स वितरणाची पूर्ण कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी, वापरली तेव्हा माझ्या यंत्राला दोन तासांवर लागले. ‘लोकलमॉडकॉन्फिग’ त्या क्षणी चालू असलेलेच मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे कर्नलचे सुटे भाग) ठेवतं, त्यामुळे वेळ खूप वाचतो. फक्त आधी पेनड्राइव्ह, बाहेरचा मॉनिटर, ब्लूटूथ सगळं जोडून घ्या, नाहीतर नव्या कर्नलमध्ये त्यांचे ड्रायव्हर नसतील. जुना कर्नल बूट मेनूतून कधीच काढू नका.

कालपर्यंत चालणारी गोष्ट अपडेटनंतर बंद पडली असेल तर दोषी बदल शोधून देणारं ‘गिट बायसेक्ट’ शिका. दोन आवृत्त्यांमध्ये चौदा हजार बदल असले तरी दर चाचणीला निम्मे बाद होतात. चौदा-एक चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो. कोड न समजताही करता येण्यासारखं हे काम आहे, आणि मेंटेनर, म्हणजे त्या त्या विभागाचा कोड सांभाळणारे, त्याचा मनापासून आदर करतात.

पॅच, म्हणजे आपण कोडमध्ये केलेला बदल, ईमेलने जातो, साध्या मजकुरात. मेल प्रोग्रॅम टॅबच्या जागी स्पेस घालतात, ओळी मोडतात, आणि मग पॅच लागतच नाही. म्हणून आधी स्वतःलाच पाठवा, तो मेल उतरवून ‘गिट एएम’ने लावून बघा. पॅचच्या मांडणीतल्या चुका दाखवणारं ‘चेकपॅच’ चालवा. कुणाला पाठवायचा ते ‘गेट मेंटेनर’ची स्क्रिप्ट सांगते. खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची ओळ हवीच. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, अशी ती तुमची ग्वाही आहे. लिनक्समध्ये आमचा कोड आहे असं म्हणणाऱ्या एससीओ कंपनीच्या दाव्यानंतर, २००४ पासून ती पद्धत आली.

माझा पहिला पॅच परत आला. विषयाच्या ओळीची सुरुवात त्या विभागाच्या पद्धतीची नव्हती, आणि काय बिघडलं होतं हे वर्णनात नव्हतं. उत्तर दोनच ओळींचं होतं. मला ते रागावल्यासारखं वाटलं, दिवसभर जीव खाली-वर. आता कळतं की रोज ढिगाने पॅच वाचणारा माणूस एवढंच लिहू शकतो. त्या फाइलचा ‘गिट लॉग’, म्हणजे बदलांचा इतिहास, पाहिला, आधीच्यांनी कसं लिहिलंय ते घेतलं, दुसरी आवृत्ती पाठवली. ती लागली.

क्वर्क जमले म्हणून तिथेच थांबू नका. एसीपीआयच्या ‘रिसोर्स’ फाइलचा २०२२-२३ मधला इतिहास वाचा. रायझन लॅपटॉपांचे कीबोर्ड चालत नव्हते, कारण कीबोर्डच्या इंटरप्टची (कळ दाबली की प्रोसेसरला जाणाऱ्या सूचनेची) सेटिंग एसीपीआयमध्ये दोन ठिकाणी येते आणि त्यातली कोणती खरी मानायची यावर गोंधळ होता. एकेका मॉडेलची नोंद वाढत गेली. मग ती यादी काढून सर्वांसाठी एकच नियम केला, तर दुसऱ्याच लॅपटॉपांचे कीबोर्ड बंद पडले आणि तो बदल मागे घ्यावा लागला. ती चर्चा वाचताना मी जेवढं शिकले तेवढं कोणत्याही कोर्समध्ये शिकले नव्हते.

एक कळकळीची सूचना. पंखा किंवा बॅटरीशी खेळताना एम्बेडेड कंट्रोलरच्या (त्या सांभाळणाऱ्या छोट्या चिपच्या) रजिस्टरमध्ये अंदाजाने काही लिहू नका. आधी ‘एसीपीआयडंप’ने तक्ते काढा, ‘आयएएसएल’ने उलगडा, कोणती मेथड काय करते ते समजून घ्या. चुकीची किंमत लिहून यंत्र तापलं तर त्याला सॉफ्टवेअरचा उपाय नाही.

नोकरीचं विचाराल तर मुलाखतीत माझी पदवी कुणी फारशी विचारली नाही. समोरच्या बाईंनी माझ्या पॅचवरचा पत्रव्यवहार उघडला आणि विचारलं, दुसऱ्या आवृत्तीत हा बदल का केलास? अर्धा तास त्यावरच बोलणं झालं. लिनक्स फाउंडेशनचा कर्नल मेंटॉरशिप कार्यक्रम आणि आउटरीची हा इंटर्नशिपचा कार्यक्रम, या दोन्हींकडे नवख्यांनी जरूर पाहावं. पण अर्ज करताना हातात एखादा लागलेला पॅच असू द्या.

त्याच लॅपटॉपवर आता त्याच्या झोपेचं (सस्पेंडचं) काम चालू आहे. झाकण मिटलं की रात्रभरात बॅटरी बरीच उतरते. फर्मवेअरमध्ये जुनी एस-थ्री झोप (बहुतेक भागांची वीज बंद करणारी) नाही, फक्त एस-टू-आयडल (यंत्र चालूच ठेवून सगळं निष्क्रिय करणारी) आहे, आणि प्रोसेसर खोल झोपेत पोचण्याआधी कोण जागं राहतंय ते शोधतेय. काल रात्री टचपॅडला जागं करण्याची परवानगी काढून पाहिली. आज एसएसडीची पाळी.