अलास्काच्या किनाऱ्यावरचे जुने फोटो: नोंद करताना या चुका टाळा

गेल्या महिन्यात पुन्हा तेच. एका नव्या स्वयंसेवकाने चाळीस फोटोंच्या नोंदी करून पाठवल्या, त्यातल्या अकरा नोंदींत जहाजाचं नाव 'बेअर', म्हणजे अलास्काच्या किनाऱ्यावरचं प्रसिद्ध गस्ती जहाज. त्या अकरांपैकी तिघांत तर जहाज इतकं लांब होतं की डोलकाठ्या दोन आहेत की तीन हेही मोजता येत नव्हतं. मी सगळ्या अकरा नोंदी परत पाठवल्या.

सिएटलला राहायला आल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, मी अलास्काच्या किनारी गावांच्या जुन्या फोटोंच्या नोंदी करायला मदत करतो. यातले कितीतरी फोटो गस्तीच्या जहाजांमुळेच आपल्यापर्यंत आले. १८६७ मध्ये अमेरिकेने ७२ लाख डॉलरला रशियाकडून अलास्का विकत घेतलं. पुढची कित्येक वर्षं तिथल्या दूरच्या गावांना सरकार दिसायचं ते उन्हाळ्यात येणाऱ्या रेव्हेन्यू कटर सर्व्हिसच्या, म्हणजे अर्थखात्याच्या सागरी गस्ती दलाच्या जहाजातून. या जहाजाला कटर म्हणत. डॉक्टर त्यातूनच यायचा, टपाल त्यातूनच यायचं आणि सीलच्या चोरट्या शिकारीवर पहाराही तेच जहाज ठेवायचं. जहाजावर कुणाकडे तरी कॅमेरा असायचा. 'बेअर'वरचे सर्जन सॅम्युएल कॉल यांनी काढलेले फोटो आज अभ्यासकांना सोन्यासारखे वाटतात. म्हणूनच चुकीची नोंद मला खुपते. एकदा चुकीचं नाव चिकटलं की फोटो हरवल्यातच जमा.

फोटोखालची ओळ आधी वाचणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती मी स्वतः केली आहे.

एका कटर अधिकाऱ्याचा अल्बम आमच्याकडे आला होता. पानं सुटी, क्रम गेलेला. सात फोटोंखाली पेन्सिलीने 'सेंट पॉल' लिहिलेलं. सेंट पॉल म्हटल्यावर मला एकच जागा आठवली: बेरिंग समुद्रातल्या प्रिबिलोफ बेटांपैकी सेंट पॉल बेट. फर सीलची पिल्लं जिथे जन्मतात ते बेट, आणि कटरची गस्त तर त्यांच्याच रक्षणासाठी. सगळं जुळत होतं. मी सातही नोंदी पुऱ्या केल्या, वर 'सील उद्योग' असा विषयही लावला.

दोन वर्षांनी मूळच्या त्या बेटावरच्या घरातल्या एका बाईंचं पत्र आलं. दोनच वाक्यं होती. फोटोतल्या घरांमागे झाडं आहेत. आमच्या बेटावर झाडं नाहीत.

मी फोटो पुन्हा उघडला. घरांमागे उतारावर स्प्रूसची दाट काळी रांग होती, आणि मी ती दोन वर्षं पाहिलीच नव्हती. ते गाव कोडियाक होतं. रशियन लोक कोडियाकच्या बंदराला पावलोव्स्काया म्हणत (पावेल म्हणजेच पॉल), आणि अमेरिकन काळातही त्या गावाला सेंट पॉल म्हणायची रीत बरीच वर्षं टिकली. गोरेगाव मुंबईत आहे तसं माणगावजवळही आहे, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण परक्या मुलखात गेलो की एका नावाचं एकच गाव असणार असं आपण धरून चालतो. तोवर माझी नोंद आणखी तीन संग्रहांनी उतरवून घेतली होती. प्रत्येकाला पत्रं लिहून ती दुरुस्त करून घ्यायला चौदा महिने लागले. त्या बाईंच्या माणसांच्या इतिहासात मी दुसऱ्याच गावाची घरं घुसवली होती, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून फोटोखालची ओळ मी आधी कागदाने झाकतो. मग वहीत लिहितो: झाडं आहेत का, किनारा वाळूचा की खडकाचा, जहाज आडोशाच्या पाण्यात नांगरलंय की उघड्या समुद्रात, घरं एकसारखी रांगेत आहेत की विखुरलेली. कोडियाकला समोरच्या बेटांचा आडोसा आहे. प्रिबिलोफच्या सेंट पॉलला त्या काळी जहाज बाहेरच थांबायचं आणि सामान होड्यांतून किनाऱ्यावर यायचं. गावात कामगारांसाठी बांधलेल्या एकाच साच्यातल्या घरांच्या रांगा. हे सगळं लिहून झालं की मगच कागद उचलतो. दहा मिनिटं जास्त लागतात. एवढा वेळ ज्याला जड वाटतो त्याने दुसरं काम बघावं.

नावांचे असे आणखी सापळे: सेंट मायकेल हे नॉर्टन साउंडवरचं गाव, सेंट मायकेल कॅथेड्रल मात्र आग्नेय अलास्कातल्या सिटकात. मेटलाकाटला ब्रिटिश कोलंबियात आहे आणि १८८७ मध्ये तिथूनच आलेल्या लोकांनी वसवलेलं अलास्कातही आहे. डच हार्बर आणि उनालास्का समोरासमोर असली तरी वेगळ्या बेटांवर आहेत.

तीन डोलकाठ्या दिसल्या की 'बेअर'

'बेअर' प्रसिद्ध आहे, त्याला इलाज नाही. १८७४ साली स्कॉटलंडमधल्या डंडीला सीलच्या शिकारीसाठी बांधलेलं हे जहाज १८८४ मध्ये आर्क्टिकमध्ये अडकलेल्या ग्रीलीच्या संशोधक तुकडीच्या सुटकेसाठी अमेरिकन नौदलाने घेतलं, पुढच्या वर्षी ते रेव्हेन्यू कटर सर्व्हिसकडे आलं, आणि चार दशकं ते अलास्काला जात राहिलं. १८८६ ते १८९५ कॅप्टन मायकेल हीली त्याचे कप्तान होते. १८९७-९८ च्या हिवाळ्यात पॉइंट बॅरोजवळ बर्फात अडकलेल्या व्हेलशिकाऱ्यांसाठी त्याच जहाजावरचे तीन अधिकारी रेनडिअरचा कळप हाकत शेकडो मैल चालत गेले. इतकं सगळं एका जहाजाच्या नावावर असलं की ज्याला त्याला आपल्या फोटोत तेच जहाज हवं असतं.

पण 'थेटिस' विसरू नका. तेही डंडीचंच, तेही तीन डोलकाठ्यांचं, वाफेवर आणि शिडांवर चालणारं, तेही ग्रीलीच्या सुटकेला गेलेलं. १८९९ मध्ये ते कटर सर्व्हिसमध्ये आलं आणि १९१६ मध्ये विकलं गेलं. म्हणजे सतरा वर्षं ही दोन सारख्या अंगाची जहाजं त्याच किनाऱ्यावर फिरत होती. धुक्यातल्या काळ्या आकृतीवरून त्यांत फरक करणं मला जमत नाही, आणि जमतं असं म्हणणाऱ्यांच्या नोंदी मी पुष्कळ दुरुस्त केल्या आहेत.

यावर मला एकच उपाय पटतो: जहाजाचं लॉगबुक. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'बेअर', 'थेटिस', 'कॉर्विन' या कटरांची लॉगबुकं आहेत, आणि 'ओल्ड वेदर' प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी त्यांतल्या हवामानाच्या नोंदी हाताने उतरवून काढल्या आहेत. जहाज कुठल्या दिवशी कुठे नांगरलं, वारा कुठून होता, आभाळ कसं होतं, सगळं त्यात मिळतं. फोटोत कडक सावल्या पडल्या आहेत आणि त्या दिवशीच्या लॉगमध्ये दिवसभर पाऊस असेल, तर तारीख चूक, नाहीतर जहाज चूक. एका फोटोसाठी मी कधी कधी अख्खा शनिवार लॉग वाचत बसतो. घाईच्या लोकांना हे वेड वाटतं. पण जहाजाचं नाव लॉगशी ताडून न पाहता लिहायचं असेल, तर 'तीन डोलकाठ्यांचं गस्ती जहाज' एवढंच लिहावं. ती नोंद खरी असते.

आणखी एक: १९०० सालच्या फोटोखाली 'कोस्ट गार्ड' लिहू नका. कोस्ट गार्ड २८ जानेवारी १९१५ ला जन्माला आलं, त्याआधी ही जहाजं रेव्हेन्यू कटर सर्व्हिसची होती.

इमारतीवरून साल काढताना अर्धवट माहिती

सिटकाच्या टेकडीवरचा बारानोव्ह कॅसल, म्हणजे रशियन गव्हर्नरांचा वाडा, मार्च १८९४ मध्ये जळाला. हे वाचलं की नवशिके टेकडीवर मोठी इमारत दिसताच '१८९४ पूर्वी' लिहून मोकळे होतात. पण त्याच टेकडीवर पुढे कृषी खात्याची मोठी इमारत उभी राहिली. इमारत दिसली एवढ्यावर थांबू नका, छत आणि खिडक्या मोजा. सिटकाचं कॅथेड्रल १९६६ च्या जानेवारीत जळालं आणि जुन्यासारखंच पुन्हा बांधलं, त्यामुळे नुसत्या घुमटावरून काहीच सिद्ध होत नाही.

नोमचा फोटो १८९५ चा असूच शकत नाही. तिथे सोनं १८९८ मध्ये सापडलं, गाव त्यानंतरचं.

पोस्टकार्डाच्या पाठीवर मधोमध रेघ असेल तर ते कार्ड मार्च १९०७ नंतर छापलेलं. कार्ड, फोटो नव्हे. निगेटिव्ह दहा वर्षं जुनी असू शकते.

आजच्या नकाशाशी जुळवणं

व्हाल्डीझच्या एका फोटोतले डोंगर आजच्या गावातून दिसणाऱ्या डोंगरांशी जुळेनात, म्हणून एका हुशार माणसाने फोटोच उलटा केला, डावं उजवीकडे. तसा तो वर्षभर राहिला. २७ मार्च १९६४ च्या ९.२ तीव्रतेच्या भूकंपानंतर व्हाल्डीझ गावच उचलून साधारण सहा किलोमीटरवर नव्या जागी वसवलं, हे त्याने वाचलं नव्हतं. काचेच्या निगेटिव्ह उलट्या छापल्या जातात हे खरं. पण फोटो पलटवण्याआधी पाट्यांवरची अक्षरं बघा, कोटाची बटणं बघा. डोंगरांवरून पलटवू नका.

पाण्याच्या रेषेवरूनही निष्कर्ष नको. जूनोला मोठ्या भरती-ओहोटीत पाणी पाच-सहा मीटर चढतं-उतरतं. सकाळचा आणि दुपारचा धक्का दोन वेगळ्या गावांचा वाटतो.

वाचवलेले प्रवासी

नोमच्या किनाऱ्याबाहेर जहाज उभं आहे, होडीत माणसं दाटीने बसली आहेत, लाटा आहेत. खाली लिहिलेलं: 'जहाज फुटल्यावर सुटका'. असे फोटो मी निदान सहा पाहिले. नोमला बंदर नव्हतं. मोठी जहाजं उथळ पाण्यामुळे लांब थांबायची आणि माणसं, सामान, घोडे, सगळं लहान बोटींतून किनाऱ्यावर यायचं. माझे आजोबा मुंबईहून बोटीने हर्णैला यायचे तेव्हा असेच भर समुद्रात पडावात उतरायचे, म्हणून मला हे पहिल्या नजरेत कळलं. रोजच्या उतरण्याला संकट म्हणू नका.

'नेटिव्ह लोक'

उनालास्काला उनंगन, सिटका आणि अँगूनला ट्लिंगिट, उत्तरेला इनुपियाट. ठिकाण ठाऊक असताना सगळ्यांना 'एस्किमो' लिहिणं हा निव्वळ आळस आहे.

आणि 'शांतता राखण्यासाठी आलेलं जहाज' असलं वाक्य जुन्या अल्बममधून जसंच्या तसं उतरवू नका. २६ ऑक्टोबर १८८२ ला नौदलाने 'कॉर्विन'च्या मदतीने अँगूनवर तोफा डागल्या, घरं जाळली, होड्या आणि हिवाळ्याची अन्नाची साठवण नष्ट केली. अमेरिकन नौदलाने त्याची माफी मागितली ती २०२४ मध्ये. 'कॉर्विन'च्या त्या काळातल्या फोटोची नोंद करताना ही ओळ मी दर वेळी लिहितो. कुणी ती 'विषयाबाहेरची' म्हणून काढली की परत घालतो.

यंत्राने फोटो 'सुधारणं'

थोडक्यात सांगतो: करू नका. हे प्रोग्रॅम पुसट अक्षरांच्या जागी नवी अक्षरं काढतात. एका जहाजाच्या पुढच्या टोकावर असं नाव मी पाहिलं जे मूळ स्कॅनमध्ये नव्हतंच. मूळ स्कॅन जसा आहे तसा ठेवा, पाठही स्कॅन करा, आणि भिंगाने पाहा.

कोडियाकचा हिवाळा

भिंगाचं महत्त्व पटवायला मी नव्या माणसाला एक फोटो देतो. छपरांवर, कुंपणांवर, बोटींवर पांढरट जाड थर. माणसं फावड्याने तो ओढत आहेत. दहापैकी नऊ जण 'हिवाळा, कोडियाक' लिहितात.

तो ६ जून १९१२ च्या नोव्हारुप्ता ज्वालामुखीच्या स्फोटानंतरचा फोटो आहे. दीडशेहून जास्त किलोमीटरवरच्या कोडियाकवर सुमारे ३० सेंटिमीटर राख पडली, जवळपास साठ तास अंधार होता, आणि बंदरात उभ्या असलेल्या 'मॅनिंग' कटरवर गावातल्या लोकांनी आसरा घेतला. भिंगातून पाहिलं तर कुंपणाशी एक झुडूप दिसतं. राखेखाली वाकलेलं आहे, पण पानांनी भरलेलं.