विमा बाळंतपणाचा खर्च देत नसेल तर: आईचं बिल आणि बाळाचं बिल

मागच्या बाळंतपणात माझ्याकडून जे राहिलं तेच आधी सांगते. बाळ जन्माला आलं की रुग्णालयाच्या लेखी तो वेगळा पेशंट असतो. त्याची फाइल वेगळी, डॉक्टर वेगळे, डिपॉझिट वेगळं आणि बिलही वेगळं. आम्ही माझ्या बाळंतपणाचे पैसे पै-पै मोजून ठेवले होते. नॉर्मल झालं तर इतके, सिझर झालं तर इतके, शिवाय १५ हजार वरचे. बाळासाठी मात्र एक रुपयाही धरला नव्हता. आईने टोपरी, दुपटी, लंगोट शिवून ठेवले होते, तेवढीच काय ती बाळाची तयारी.

मुलगी ३५व्या आठवड्यात झाली. कोपरखैरण्याच्या ज्या नर्सिंग होममध्ये नाव घातलं होतं, तिथे एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष, नव्हती. इतके महिने तपासणीला जात होतो, पण हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नाही. रात्री पावणेदोनला सांगितलं, बाळाला श्वास घ्यायला त्रास होतोय, वाशीला हलवावं लागेल. मी इकडे टाक्यांसकट पलंगावर आणि नवरा बाळाला घेऊन अँब्युलन्समध्ये. तिथे दाखल करतानाच ५० हजार डिपॉझिट मागितलं. सहा दिवसांनी बाळाचं बिल झालं १ लाख १२ हजार, आणि माझं सिझरचं ८८ हजार. आता मला पुन्हा दिवस गेलेत, सातवा लागलाय. ही तयारी या वेळची आहे.

पहिलं काम पॉलिसी उघडण्याचं. एजंट काय म्हणाला ते सोडा. ‘सगळं कव्हर आहे’ हे मीही ऐकलं होतं आणि पाचव्या महिन्यापर्यंत त्यावर विसंबून होते. वगळलेल्या गोष्टींच्या पानावर जा, तिथे ‘एक्सक्ल १८’ (Excl18) हा कोड शोधा. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने ठरवून दिलेली ही प्रमाणित भाषा आहे, त्यामुळे कंपनी कुठलीही असली तरी मजकूर जवळपास तोच असतो: प्रसूतीचा खर्च, गुंतागुंतीची प्रसूती आणि सिझरसुद्धा, देय नाही. अपघाताने झालेला सोडून इतर गर्भपातही नाही. एक अपवाद मात्र त्याच वाक्यात असतो आणि तो फार कुणाला माहीत नसतो. गर्भ गर्भाशयाबाहेर, म्हणजे बहुतेक वेळा नळीत राहिला, तर ते ऑपरेशन या वगळण्यात येत नाही. तशी वेळ आलीच तर विमा नाही असं समजून गप्प बसू नका, क्लेम टाका. गरोदरपणात डेंग्यू, टायफॉइड झाला आणि दाखल व्हावं लागलं तर तो आजार वेगळा, बाळंतपण वेगळं. डॉक्टरांना कागदावर दाखल करण्याचं कारण स्पष्ट लिहायला सांगा.

दिवस राहिल्यावर मॅटर्निटीचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडून घ्यायचं बाळंतपणाचं जादा कव्हर, घेऊन उपयोग नाही. प्रतीक्षा काळ बहुतेक ठिकाणी नऊ महिन्यांच्या वर, कित्येकदा दोन-तीन वर्षांचा असतो. आणि हे नीट वाचा: ज्या पॉलिसीत बाळंतपणच नाही, तिच्यात नवजात बाळही पहिल्या दिवसापासून नसतं. बाळाचं नाव सहसा ९० दिवसांनंतर घालता येतं. पहिले तीन महिने, म्हणजे एनआयसीयू लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते नेमका तोच काळ, बाळ बिनविम्याचं असतं. आमच्या घरी सगळ्यांचा समज होता की आईची पॉलिसी असली म्हणजे बाळही त्यात आलं. ते येत नाही.

नोकरीच्या बाजूने तपासायचं ते पटकन तपासा. दोघांपैकी कुणाच्याही कंपनीचा ग्रुप विमा असेल तर एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा: बाळंतपणाची मर्यादा किती, बाळ पहिल्या दिवसापासून धरलं आहे का, आणि त्याची नोंद किती दिवसांत करायची. मधला प्रश्न सोडू नका. पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर ते कार्ड बाळंतपणालाही चालतं, बायकोसाठीसुद्धा. तुम्ही स्वतः नोकरी करत असाल आणि कंपनी प्रसूतीपूर्व व नंतरची देखभाल मोफत देत नसेल, तर कायद्याने ३,५०० रुपये मेडिकल बोनस मिळतो. रक्कम मोठी नाही, पण हक्काची आहे. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

आता नाव घालण्याआधीची चौकशी. इथे घाई करू नका. ‘पॅकेज किती?’ एवढंच विचारून परत येऊ नका, मी तेच केलं होतं. पॅकेजमध्ये काय नाही ते विचारा. भूलतज्ज्ञाची फी, रात्रीचा किंवा इमर्जन्सीचा जादा आकार, रक्ताची पिशवी, औषधं, हातमोज्यांसारखं सामान, एपिड्युरल (कळा कमी जाणवण्यासाठी पाठीतून देतात ती भूल), ऐनवेळी सिझर ठरलं तर फरक किती. खोलीचा वर्ग बदलला की फक्त खोलीचं भाडं वाढत नाही, बऱ्याच ठिकाणी सर्जनची फी आणि ऑपरेशन थिएटरचा आकारही त्याबरोबर वाढतो. सिंगल रूम घ्यावी असं सासूबाईंना वाटत होतं, त्यांची माया मला कळते. पण मी या वेळी शेअरिंगच घेणार आहे. उरलेले पैसे बाळाच्या बाजूला. दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्राच्या २०२१च्या नियमांनुसार नर्सिंग होमवर बंधनकारक आहे. भिंतीवर शोधा, दिसलं नाही तर मागा.

आणि मग बाळाचे प्रश्न. हे पाठ करा, फोनमध्ये लिहून ठेवा, नवऱ्याकडूनही पाठ करून घ्या. तुमच्याकडे एनआयसीयू आहे का? नसेल तर बाळ कुठे पाठवता, त्या रुग्णालयाचं नाव काय? तिथे जागा नसेल तर दुसरं कुठलं? नवजात बाळासाठी सोय असलेली अँब्युलन्स कोण बोलावतं आणि तिचे पैसे किती? दाखल करताना डिपॉझिट किती? दिवसाचा दर किती, आणि त्यात बालरोगतज्ज्ञाची फेरी, ऑक्सिजन, रक्ताच्या तपासण्या आहेत की वेगळ्या? काविळीसाठी लाइटखाली ठेवलं तर त्याचा दर काय? बाळ जन्मताना बालरोगतज्ज्ञ हजर असतात का, त्यांची फी पॅकेजमध्ये आहे का? जन्मानंतर लगेच देतात त्या बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बीच्या लसींचं काय? काही रिसेप्शनवाल्या म्हणतात, ‘आत्तापासून कशाला अभद्र बोलता, सगळं नीट होईल.’ नीट व्हावं हीच माझीही इच्छा आहे. तरीही विचारा. नऊ महिने पूर्ण भरलेल्या, अडीच-तीन किलोच्या बाळालाही कावीळ होते आणि दोन दिवस लाइटखाली ठेवावं लागतं. त्याचंही बिल बाळाच्याच फाइलवर येतं. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या फुप्फुसांसाठी सर्फॅक्टंट नावाचं औषध लागू शकतं, त्याची एकेक कुपी हजारोंच्या घरात जाते.

शक्य असेल तर आई आणि बाळ एकाच छताखाली राहतील अशीच जागा निवडा. पॅकेज १५-२० हजारांनी जास्त असलं तरी. आमचे दोन रुग्णालयांत दोन डबे, दोन मेडिकलची बिलं, कोपरखैरणे ते वाशी रोज चार फेऱ्या, आणि माझं दूध छोट्या बाटलीतून तिकडे पोचवणं. मुलीला मी चौथ्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं. ते पैशांत मांडता येत नाही, म्हणून इथे थांबते.

खाजगीत करायचं ठरलं असलं तरी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात एकदा नोंदणी करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. नवी मुंबईत वाशीचं सार्वजनिक रुग्णालय, ऐरोली आणि नेरुळची पालिका रुग्णालयं आहेत. ठाण्यात सिव्हिल आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. गर्दी असते, रांग असते, खोटं कशाला सांगू. पण २०११पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझरसकट प्रसूती, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे, आणि आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत आहेत. तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे का, हे आधी जाऊन पाहून या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते, त्या दिवशीच दोन्ही कामं होतील. पहिल्या बाळासाठी मातृ वंदना योजनेचे ५ हजार दोन हप्त्यांत मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. पात्रतेच्या अटी आहेत, अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना विचारा. आधार जोडलेलं बँक खाते हवं.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना आजारी नवजात बाळाच्या उपचारांबद्दल नेमकं विचारा आणि रेशनकार्ड अद्ययावत ठेवा. आमचं कार्ड गावच्या पत्त्यावर होतं आणि गावीच पेटीत होतं. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्न त्या मर्यादेत बसत असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. रात्री दोनला तहसील कार्यालय उघडं नसतं.

आता पैसे. एक खाते आईचं, एक बाळाचं, असे दोन भाग करा. एकाच खात्यात ठेवलेत तर आईच्या बिलात सगळं संपतं, डोळ्यांदेखत संपतं. मी या वेळी बाळाच्या नावाने दीड लाख वेगळे ठेवतेय. इतके जमत नसतील तर जमतील तितके, निदान डिपॉझिटपुरते, पण वेगळे. मागच्या वेळी आमची आरडी मुद्दाम प्रसूतीच्या महिन्यात सुटेल अशी लावली होती. मुलगी पाच आठवडे आधी आली. म्हणून पैसे सातवा महिना संपायच्या आत हाताशी पाहिजेत. एफडी असेल तर फोनवरून रात्रीही मोडता येते का ते बँकेला विचारा. यूपीआयची मर्यादा साधारण दिवसाला १ लाख असते. रुग्णालयाच्या नोंदणीकृत मर्चंट खात्याला ५ लाखांपर्यंत जातात, पण तुमची बँक त्याहून कमी मर्यादा ठेवू शकते. आमचे तिथेच अडकले होते. दिराने डोंबिवलीहून पाठवले तेव्हा डिपॉझिट भरलं. दोन माणसांच्या फोनमध्ये पैसे ठेवा, एक क्रेडिट कार्ड मोकळं ठेवा, थोडी रोख ठेवा. सोनं तारण ठेवायचंच असेल तर सावकाराकडे नको, बँकेत ठेवा आणि वेळेआधी चौकशी करून ठेवा. भिशी घेणाऱ्यांनी आपला नंबर आठव्या महिन्याच्या आधी मागून घ्यावा. बाकीच्या बायका समजून घेतात.

माहेरी जायचं असेल तर जा. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत चांगली आहे, तालुक्याच्या गावी खर्चही सहसा कमी येतो. पण तोच प्रश्न तिकडेही विचारा: बाळाला एनआयसीयू लागली तर सगळ्यात जवळची कुठे, रस्त्याने किती वेळ? आणि बाळाचा खर्च कोण करणार हे दोन्ही घरांनी आधी बोलून घ्या. माझे वडील तेव्हा काही न बोलता एटीएमवर जाऊन आले, आणि मला आजही ते लागतं.

तपासण्यांचा खर्च सगळ्यांना माहीत असतो, सोनोग्राफ्या, रक्त, साखर. तो महिन्याच्या घरखर्चातून जातो, फार लिहीत नाही. एकच सांगते, आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचे पैसे धरा, साधारण २८व्या आठवड्यात एक आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर प्रसूतीनंतर ७२ तासांत दुसरं.

बॅग, कपडे, डिंकाचे लाडू, हळीव हे घरातल्या मोठ्या बायका बघतील. मालिशवालीचे पैसे महिन्याचे ठरवा, दिवसाचे नको. बारसं पुढे ढकललं तर चालतं.

डिस्चार्जच्या दिवशी आईची आणि बाळाची, दोन्ही फाइल, दोन्ही बिलं आणि पावत्या मागून घ्या. बाळाची विसरू नका. बिल ओळीओळीने वाचा, आमच्यात एक तपासणी दोनदा लागली होती, दाखवल्यावर काढली. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली का, हे पालिकेत पाहा, दाखला घ्या. मग फोनमध्ये ९०व्या दिवसाची आठवण लावा आणि विमा कंपनीला बाळाचं नाव घालण्याचा अर्ज आधीच भरून ठेवा.