घोड्याचा तोल मागच्या पायांत

इंदूरकडे हौसेने सवारीसाठी घेतलेला घोडा बहुतेक वेळा दोनपैकी एका वाटेने आलेला असतो: राजस्थानच्या मेळ्यातला मारवाडी, नाही तर वरातीत नाचलेली घोडी. दोघांची मान ताठ, दिसायला देखणी, आणि दुखणंही एकच. पाठ खोलगट, तोंड निबर, भार सगळा खांद्यांवर. लगाम ओढला की थांबतात खरे, पण थांबताना पुढे कोसळतात. अशा वेळी बाजारातून कडक लगाम आणायची पद्धत आहे. काटेरी लगाम तर भारतात प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनीच वर्ज्य केलेला आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात तो अजून सापडतो.

मुळात नुसत्या उभ्या घोड्याचंही सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. स्वार बसतो तो खांद्यांच्या लगेच मागे, म्हणजे त्यात भरच. तोल बसवायचा म्हणजे मागचे पाय पोटाखाली यायला लावून त्यांना आपल्या वाट्याचा भार उचलायला शिकवायचं. ते काम स्नायूंचं आहे, त्यामुळे महिने लागतात. पाठीचे मणके पक्के व्हायला साडेपाच-सहा वर्षं जातात, तेव्हा चार वर्षांच्या आतल्या शिंगराकडून हे मागूच नका.

सुरुवात तोंडापासून. वरच्या पहिल्या दाढेपुढे काही घोड्यांना एक छोटा, बिनकामाचा दात असतो. त्यावर बिट, म्हणजे लगामाचा तोंडातला दांडा, आपटलं की घोडा मान झटकतो आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. आधी पशुवैद्याकडून दात दाखवून घ्या. बिट साधं स्नॅफल, म्हणजे तरफ नसलेलं, हवं, ओठांच्या कोपऱ्यावर एक-दोन सुरकुत्या पडतील इतकंच वर घेतलेलं. खोगीर आणि मदार (मानेच्या बुडाशी खांद्यांवरचा उंचवटा) यांच्यात स्वार बसल्यावरही दोन बोटं आडवी शिरली पाहिजेत.

जमिनीचा प्रश्न माळव्यात खरा अवघड. पावसाळ्यात काळी माती टापेत गोळा होऊन बसते आणि नाल उपटून काढते. मे महिन्यात तीच माती भेगाळते आणि दगडासारखी लागते. २० बाय ४० मीटरचा चौक आखा, दाबलेल्या मुरमावर ५ ते ८ सेंटिमीटर वाळू टाका आणि आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडा. जास्त खोल वाळू म्हणजे मऊ गादी असं वाटतं, पण तिच्यात पाय रुततो आणि नडगीमागचे स्नायुबंध ताणले जातात. शिंपडलेल्या वाळूचा दुसरा फायदा असा की तिच्यावर टापांचे ठसे वाचता येतात.

पहिले तीन-चार आठवडे घोडा दोरीवर, आपल्याभोवती गोल फिरवायचा. दोरी आठ मीटरची, नाकपट्टीच्या कडीला अडकवलेली, बिटला नाही. तुम्हीही मध्यभागी लहानसा फेर धरून चाला, म्हणजे घोड्याचं वर्तुळ १८-२० मीटरचं राहील. त्याहून लहान वर्तुळात सांध्यांवर ताण येतो. एकूण पंधरा-वीस मिनिटं पुरेत, डावीकडे आणि उजवीकडे सारखी. साईस, म्हणजे घोडा सांभाळणारा, ज्या शब्दांनी घोड्याला हाकतो आणि थांबवतो तेच शब्द वापरा. घोडा बहुधा हिंदीत शिकलेला असतो, घरात मराठी चालत असली तरी. मान खाली आणि लांब सोडून तो नाक फुरफुरायला लागला की पाठ सैल झाली असं समजा. वरातीच्या घोडीला इथपर्यंत यायला सहा ते आठ आठवडे सहज लागतात.

मग खोगिरावर. पहिला धडा स्वाराचा. लगाम सैल सोडून चालीत, म्हणजे घोडा साधा चालत असताना, खाली न बघता, मागचा कोणता पाय पुढे येतोय हे ओळखायचं. डावा मागचा पाय पुढे यायला लागला की घोड्याचं पोट उजवीकडे झुलतं, तुमचं डावं कूल्हं किंचित खाली उतरतं आणि डावी पोटरी आपोआप आत येते. तुम्ही मोठ्याने ‘डावा, उजवा’ म्हणत राहा, आणि बाजूला उभ्या माणसाने ते बरोबर की चूक ते सांगावं. दोन-तीन दिवसांत जमतं. हे जमल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे, कारण पोटरीचा इशारा पाय उचलला जात असतानाच लागू पडतो. जमिनीवर टेकून भार पेलणाऱ्या पायाला ‘लांब पड’ सांगून काय होणार?

इशारा एकदाच, हलका. उत्तर आलं नाही तर पोटरीच्या लगेच मागे चाबकाचा एक टिचका, आणि घोडा उसळून पुढे गेला तर जाऊ द्या. नेमक्या त्याच क्षणी घाबरून लगाम खेचला जातो, आणि पुढे गेल्याबद्दल घोड्याला शिक्षा होते. मग पुन्हा चालीत येऊन तोच हलका इशारा द्या. पावलोपावली टाच मारत राहणाऱ्या स्वाराचा घोडा टाच ऐकणंच सोडून देतो.

लगामाची पकड संक्रांतीच्या पतंगाच्या दोरीसारखी असावी, ताण हाताला कळेल पण खेच नसेल. थांबायचं तर पाठ उंच करा, श्वास सोडा, बैठक घोड्याबरोबर झुलायची थांबवा, आणि वळणाच्या बाहेरच्या हाताची मूठ एका पावलापुरती मिटा. मग उघडा. हाच हाफ-हॉल्ट. बिघडतं ते मूठ उघडायला विसरल्यावर. मूठ मिटलेलीच राहिली की घोडा तिच्यावर मान टेकवतो, तुम्ही आणखी धरता, आणि लगाम त्याचा पाचवा पाय होऊन बसतो. उलट, नाक छातीकडे ओढून घेणाऱ्या घोड्याला हात पुढे देऊन पोटरीने चालवत न्यायचं. मान गोल दिसते म्हणून फसू नका.

रोजची तालीम म्हणजे चालींचे बदल. सहा पावलं चाल, तीन सेकंद थांबा, पुन्हा चाल. मग २० मीटरच्या वर्तुळावर चुन्याने चार खुणा करून एका खुणेला दुडकी (तिरक्या जोडीतले पाय एकदम टाकणारी धाव), दुसरीला चाल. ते हाताला लागल्यावर दुडकीतून फक्त तीन पावलं चाल घेऊन परत दुडकी. एका बैठकीत वीस-पंचवीस बदल, दर पाच मिनिटांनी लगाम लांब सोडून विसावा. कँटर, म्हणजे दुडकीनंतरची वेगाची दौड, महिनाभराने आला तरी उशीर झाला असं मानू नका. २०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, सांघिक सुवर्ण जिंकलं आणि त्या संघात इंदूरची सुदीप्ती हाजेला होती. त्या चाचणीतही परीक्षक चालींच्या बदलांना गुण देतात.

वर्तुळावर घोडा आत पडत असेल तर तो आतल्या खांद्यावर झुकलाय. आतल्या पोटरीने बाहेर ढकला, आतला लगाम ओढू नका. बाहेर सरकत असेल तर बहुधा तुम्हीच आतला लगाम ओढून मान वळवली आहे आणि बाहेरचा खांदा मोकळा सुटलाय. तो बाहेरच्या लगामाने सावरा. काम झाल्यावर उतरून ठसे बघा. मोकळ्या चालीत मागच्या टापेचा ठसा पुढच्याच्या वीतभर पुढे पडला तर उत्तम. मागे राहिला किंवा ठशाआधी नालेच्या टोकाची ओढ दिसली, तर पाय आळसावलाय किंवा घोडा थकलाय.

मारवाडी घोडा पुष्कळदा रेवाल चालतो, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदमच टाकतो. बसायला मऊ, पण त्यात स्वच्छ दुडकी हरवते. उपाय जमिनीवर ओळीने आडव्या टाकलेल्या बल्ल्यांचा, घोड्याने त्या ओलांडत जायचं. साडेचौदा हात (घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा) उंचीपर्यंतच्या घोड्याला दुडकीत दोन बल्ल्यांमध्ये ११० ते १२० सेंटिमीटर अंतर, चालीत ८० ते ८५. बल्ल्या चार ठेवा, दोन कधीच नको, दोन दिसल्या की घोडा एका उडीत पार करायला बघतो. गोल बांबू टापेखाली घरंगळतो, म्हणून दोन्ही टोकांना विटा लावा.

बँडचा आवाज आला की वरातीची घोडी जागच्या जागी थुईथुई करते. तो तोल नव्हे, तोंड दुखेल या भीतीने केलेली कसरत आहे. लगाम धरला तर ती मागच्या पायांवर उभी राहील. हात सैल करा, दहा मीटरच्या वर्तुळात वळवा आणि पुढे चालवा. लग्नाच्या दिवसांत संध्याकाळी तिला बाहेर नेऊ नका, एवढं तर आपल्या हातात आहे.

एप्रिल-मेमध्ये काम सकाळी साडेसातच्या आत संपवा आणि शेवटची दहा मिनिटं सैल लगामावर चाल ठेवा. खोगीर उतरवल्यावर पाठीवरचा घाम नीट बघा. कणा सोडून दोन्ही बाजूंना सारखी ओल असली पाहिजे. भिजलेल्या केसांत मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला तर तिथे खोगीर दाबतंय. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत काम फक्त दोरीवर.