मानशीजवळचा वर्ग: सर्व विद्याशाखांत भूविज्ञान कसे शिकवावे

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाविषयी आदेश दिला आणि पुढे हा विषय पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. अडचण एवढीच की त्याचा तास वेगळा, पुस्तक वेगळे आणि परीक्षाही वेगळी. त्यामुळे विद्यार्थी तो श्रेयांकापुरता वाचतो आणि अर्थशास्त्राच्या किंवा रसायनशास्त्राच्या वर्गात परतला की विसरून जातो. मी भूविज्ञान शिकवतो. वाणिज्य शाखेच्या वर्गात पहिल्यांदा गेलो तेव्हा खडकांच्या प्रकारांच्या स्लाइड्स दाखवल्या आणि पंधरा मिनिटांत निम्मा वर्ग खिडकीबाहेर पाहू लागला. तेव्हापासून मी नवा पेपर मागत नाही. सहकारी शिक्षक जो धडा एरवीही शिकवणारच आहेत, त्याच धड्यात जमिनीविषयीचा एक प्रश्न घालावा आणि सगळ्या शाखांनी तो एकाच जागेविषयी विचारावा, अशी ही पद्धत आहे.

म्हणून आधी जागा निवडावी, विषय नंतर वाटावेत. गोव्यात मांडवी किंवा झुआरीच्या खोऱ्यातील महाविद्यालयांसाठी खाजनासारखी दुसरी जागा नाही. मरड (उंचावरील) आणि खेर (मधल्या पातळीवरील) या जमिनींच्या खाली, नदीच्या भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली ही शेती; बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारे लाकडी दारांचे बांधकाम, आत पोंय, म्हणजे पाणी साठणारा खोलगट भाग, आणि शेतात खारेपणा सोसणारा कोरगुट भात. मानशीच्या दारांना कोणी उघडबंद करावे लागत नाही. भरतीच्या वेळी नदीची पातळी वाढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे चौकटीवर घट्ट बसतात. ओहोटीला आतले पाणी वरचढ ठरते, दारे बाहेर ढकलली जातात आणि पोंयीतील पाणी नदीत उतरते. विद्यार्थ्यांना हे आधी सांगू नये. त्यांना बांधावर उभे करून दार बंद होईपर्यंत थांबायला लावावे आणि मग कारण विचारावे. पाणी वळण्याच्या सुमारास प्रवाह काही काळ जवळजवळ थबकतो, फळ्यांच्या फटीतून बुडबुडे येतात, आणि मग दार हळूच चौकटीला टेकते. ते पाहिलेल्या विद्यार्थ्याला दाबाचा धडा पुन्हा समजवावा लागत नाही.

यासाठी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून दिवस ठरवावा. एका वर्षी मी ते न पाहताच चाळीस विद्यार्थी घेऊन गेलो. पौर्णिमेनंतरचा दिवस, ऐन भरतीची वेळ. मानस पाण्याखाली, आणि आम्ही बांधावर उभे राहून फक्त पाणी पाहून परतलो. शक्य असल्यास ओहोटी संपण्याआधी तासभर पोहोचावे, म्हणजे दार उघडे आणि बंद अशा दोन्ही अवस्था दिसतात. मानशीवरील मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो, तेव्हा तेथे जाण्यापूर्वी संबंधितांना विचारणे आवश्यक आहे.

सर्वांत सोपे काम रसायनशास्त्राच्या विभागाचे. क्लोराइडचे अनुमापन, म्हणजे पाण्यातील क्लोराइडचे प्रमाण मोजणे, हा प्रयोग त्यांच्याकडे बहुधा आधीपासूनच असतो. फक्त नळाच्या पाण्याऐवजी मानशीच्या दोन्ही बाजूंचे नमुने, तसेच गावातील एका विहिरीचे पाणी द्यावे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते, म्हणून नदीकडचा नमुना शंभर पट विरल करून घ्यावा, अन्यथा महागडे सिल्व्हर नायट्रेट वाया जाते आणि पिवळ्या रंगाचा विटकरी होण्याची वाट पाहत ब्युरेट रिकामे होते. दर्शक म्हणून वापरलेले क्रोमेट विषारी आहे. ते बेसिनमध्ये ओतू न देता वेगळ्या बाटलीत जमवायला सांगितले की शाश्वततेचा अर्धा धडा प्रयोगशाळेतच होतो. हाच प्रयोग जानेवारीत आणि मे महिन्यात केला तर ऋतूनुसार पडणारा फरक विद्यार्थ्यांच्याच वहीत नोंदला जातो.

वाणिज्य आणि अर्थशास्त्रासाठी बांधाची डागडुजी हा प्रश्न पुरेसा आहे: मासेमारीच्या लिलावाचे पैसे कोणाकडे जातात, बांध फुटला तर नुकसान कोणाचे, आणि दुरुस्ती कोणी करायची? पूर्वी ही व्यवस्था गावकारी, म्हणजे गावाची सामुदायिक जमीनसंस्था, पाहत असे, पुढे १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती बहुतांशी टेनंट्स असोसिएशनकडे, म्हणजे कुळांच्या संघटनेकडे, आली. हा बदल राज्यशास्त्राच्या वर्गातही नेता येतो. वर्ग जरा पुढचा असेल तर खाणींकडे वळावे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात गोव्यातील लोहखनिजाच्या उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीमूल्याचा दहा टक्के भाग कायम निधीत ठेवण्यास सांगितले. जमिनीतील खनिज विकून आलेली रक्कम उत्पन्न म्हणून नोंदवावी की मालमत्तेची विक्री म्हणून, असा प्रश्न टाकला की लेखाशास्त्राच्या वर्गात आपोआप वाद सुरू होतो. खाणपट्ट्यातील घरांतून आलेले विद्यार्थी वर्गात असतील, त्यांना आधी बोलू द्यावे, कारण खाणी बंद पडून ट्रक थांबल्यावर घरात काय घडले हे आपल्यापेक्षा त्यांना अधिक ठाऊक असते.

गणितासाठी छप्पर पुरते. गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे ४०० चौरस मीटरच्या छपरावर बारा लाख लिटर पाणी. मग एप्रिलमध्ये टँकर का येतो, याचे उत्तर शोधायला वर्गाला सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, न्यावे. दुधाच्या भुकटीच्या डब्याचे दोन्ही तळ कापून तो जमिनीवर ठेवावा, एक लिटर पाणी ओतावे आणि ते मुरायला लागणारा वेळ मोजावा. जांभ्याच्या कठीण पृष्ठभागात डबा रुतत नाही, म्हणून कडेने चिकणमातीचा लेप द्यावा. भेगा असलेला जांभा, शेताची माती आणि महाविद्यालयाचे फरसबंद आवार यांचे आकडे शेजारी मांडले की सड्याच्या पायथ्याशी झर का फुटते याची चर्चा सुरू करता येते.

भाषा विभागाकडे मात्र मी फार उशिरा गेलो, हे कबूल करावे लागेल. इंग्रजीच्या वर्गाला जांभ्याच्या शास्त्रीय नावाची कथा आवडते: फ्रान्सिस बुकॅनन याने केरळमध्ये लोक हा दगड विटांसारखा कापताना पाहिले आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट म्हटले, आपण त्याच दगडाचे चिरे काढतो. मराठीच्या वर्गाला सातेरी या ग्रामदेवीपासून आरंभ करता येतो. ही देवी रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या, रूपात पुजली जाते आणि वाळवी खालची माती वर आणते, या दोन गोष्टी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या ठाऊक असतात. त्या एका निबंधात आणायला सांगावे. मात्र श्रद्धेला विज्ञानाचा दाखला जोडण्याचा आग्रह धरू नये. निबंध त्याने बिघडतो.

मूल्यमापनासाठी स्वतंत्र परीक्षा नको. प्रत्येकाकडून एक पान मागावे: स्वतः मोजलेला एक आकडा, त्याचे एकक, जागा, दिनांक आणि भरतीची वेळ, व त्याखाली दुसऱ्या विभागाच्या विद्यार्थ्यासाठी एक प्रश्न. ती पाने विभागांनी अदलाबदल करून तपासावीत. पहिल्या वर्षी दोनच विभाग घ्यावेत. आमच्याकडे रसायनशास्त्र आणि वाणिज्य यांनी सुरुवात केली, आणि तिसऱ्या वर्षी इतिहासाच्या शिक्षकांनी स्वतःहून भरतीचे वेळापत्रक मागितले.