कलमकाडीचं वरचं टोक उघडं ठेवू नका

ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे डॉगरीज खुंटावर (मुळांसाठी लावलेली द्राक्षाची जंगली जात) द्राक्षाचं पाचर कलम बांधायचे दिवस, म्हणजे हव्या त्या जातीची काडी पाचरीसारखी तासून खुंटाच्या चिरेत बसवायचे. तापमान 30 ते 35 अंश आणि हवेत 80 टक्क्यांच्या वर ओलावा असला की जोड चांगला धरतो. पावसाने उघडीप दिली, ऊन चटके देऊ लागलं की ही संधी गेलीच. म्हणून सध्या बाकी सगळं राहू द्या, काडीच्या वरच्या कापाला मेण आहे का ते बघा.

जोडाला पट्टी सगळेच घट्ट बांधतात. वरचं टोक मात्र उघडंच. तिथून काडीतलं पाणी उडत राहतं; डोळा फुगतो, हिरवा दिसतो आणि मग मान टाकतो. शिव्या खातो कलमवाला. अशा काडीची साल नखाने खरवडा. वर तपकिरी आणि जोडाजवळ हिरवी निघाली, तर काडी वरून वाळलीय.

दुकानदार छोट्या डबीतलं 'खास कलमाचं मेण' पुढे करतो. नका घेऊ. मेणबत्तीवाले वापरतात ती पूर्ण शुद्ध पॅराफिनची पांढरी, बिनवासाची लादी पुरते. वंगणतेलातून निघणारं हे मेण आपल्याकडे आसामातल्या दिग्बोईच्या रिफायनरीतही तयार होतं. पिवळट, चिकट लादी स्वस्त असते, कारण तेल नीट काढलेलं नसतं. ते कोवळ्या डोळ्याला नको. तुकडा रात्रभर वर्तमानपत्रावर वजनाखाली ठेवा; तेलकट डाग पडला तर परत करा.

मेण थेट जाळावर कधीच नाही. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचा डबा. साधारण 60 अंशांना वितळतं, 70 च्या आसपास वापरा. टोकावर पातळ, पारदर्शक थर बसला म्हणजे जमलं. जाड पांढरा बसला तर मेण थंड आहे, तो पापुद्र्यासारखा सुटतो. पेट घेतलाच तर पाणी ओतू नका, झाकण टाका.

क्रम: पिकलेली, पेन्सिलीएवढी, दोन डोळ्यांची काडी, कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) 1 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात बुडवणे, सावलीत सुकवणे, वरचं अर्धा इंच टोक मेणात बुडवून लगेच काढणे, ताजी पाचर, पट्टी.

ओल्या काडीवर मेण धरत नाही. पाचरीला मेण लागलं तर जोड धरणार नाही. मेणात थोडं मधमाशीचं मेण मिसळलं तर उन्हात तडकत नाही, असा माझा अंदाज आहे. शिफारस म्हणून सांगत नाही.

नंतरची कामं: खुंटावरची फूट काढणे, बेताचं पाणी, बांबूचा आधार.

बांधून झालेली कलमं उघड्या टोकाची असतील तर संध्याकाळी कोरड्या कापावर ब्रशने मेण लावून घ्या.