बँडमध्ये रिदम गिटार कशी वाजवायची

आमच्या सांगलीत गॅदरिंगसाठी बँड जमवायला घेतला आणि गिटारवाले दोन निघाले की दोघांनाही लीडच, म्हणजे सुरावटी आणि सोलो वाजवणंच, पाहिजे असतं, रिदमला, म्हणजे लयीत कॉर्ड वाजवत गाण्याला साथ द्यायला, कोण तयार होत नाही. शेजारी मिरजेत तंबोरे बनतात, तंबोऱ्याला कोण टाळ्या वाजवत नाही पण तो उतरला की गाणाऱ्याचं काय होतं ते बघा. रिदम गिटारचं काम तसलंच आहे.

सुरुवात उजव्या हातापासून. मेट्रोनोम (ठरावीक वेगानं ठोके देणारं यंत्र किंवा अॅप) मिनिटाला ७० ठोक्यांवर लावा, डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून आवाज बंद करा, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरूच नका. मनगट सैल सोडून हात खाली-वर, खाली-वर चालू ठेवायचा आणि तार वाजवायची नसेल तेव्हाही थांबवायचा नाही, हवेतून न्यायचा, कारण हात थांबला की लय तिथंच सुटते. रोज १५ मिनिटं करा, कंटाळा येईल, तरी हे सोडून पुढं जाऊ नका.

मग प्रॅक्टिसला ड्रमवाल्याच्या शेजारी उभं रहा. तुमचं खाली-वर हाय-हॅटवर (ड्रमच्या एकमेकांवर आपटणाऱ्या दोन झांजांवर) बसलं पाहिजे, आणि चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) पडतो तिथं जरा जोर द्या. ड्रमऐवजी तबला असला तर केरव्याच्या ८ मात्रांवर हेच चालतं, दादऱ्याला ६ मोजा.

आता सगळ्यात अवघड, जागा सोडणं. बेस गिटार असेल तर जाड तारांचे सूर त्याला सोडा आणि तुम्ही खालच्या तीन-चार बारीक तारांवर रहा. दुसरा गिटारवाला साधा जी वाजवतोय तर तुम्ही तिसऱ्या फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या पट्टीला) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून ई कॉर्डची बोटं धरा, कॉर्ड तोच पण आवाज वेगळा, एकमेकांवर चढत नाही. काउंट बेसीच्या जॅझ बँडमधला फ्रेडी ग्रीन १९३७ पासून जवळपास ५० वर्षं रिदमच वाजवत राहिला, तेही अँप (आवाज वाढवणारा स्पीकर) न लावता, सोलो जवळजवळ नाहीच, आणि कितीतरी वेळा अख्ख्या कॉर्डमधले एक-दोनच सूर वाजवायचा, मला तर हा माणूस फार मोठा वाटतो.

कडव्याला उजव्या तळव्याची कड ब्रिजवर (तारा गिटारच्या अंगाला टेकतात त्या पट्टीवर) टेकवून दाबून वाजवा, ध्रुवपदाला हात उचला, गाण्याचा आवाज आपोआप मोठा होतो.

शेवटी प्रॅक्टिस मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, गाण्याचे शब्द कळत नसतील तर आधी आपला व्हॉल्यूम कमी करा.